वळकटी आधी उन्हात

“…आणि सगळं पुसल्यावर त्याच्या आत उरतं काय?” सोमगिरबाबांनी विचारलं.

रघुवीर खांबेटे मनातून सुखावला. मठातला त्याचा हा दुसरा दिवस, आणि बाबांनी आपण होऊन विचारलेला हा पहिलाच प्रश्न. तोही त्याच्या हातखंडा विषयातला.

“काही उरत नाही, बाबा. अगदी कोरं होतं.”

“आणि माझे पत्ते?”

हे मात्र रघुवीरला आवडलं नाही.

आता बघा, हा रघुवीर पुण्याचा. एका बँकेतले कॉम्प्युटर बारा वर्षं सांभाळलेला गडी. नागझिरीच्या माळावरच्या या मठात तो आला होता अनुग्रह घ्यायला. पण कानात मंत्र दिला आणि झालं, असला अनुग्रह त्याला नको होता. आधी बाबांनी त्याची साधनेची रोजनिशी ऐकावी, मान डोलवावी, ‘बराच पुढं आलास की रे’ म्हणावं, आणि मग मंत्र द्यावा, असा त्याचा बेत होता.

रोजनिशी साधीसुधी नव्हती. आठ वर्षांची, अकराशे पानं. ध्यान किती मिनिटं लागलं, डोळे मिटल्यावर कुठला रंग दिसला, राग कितीदा गिळला, सगळं तारीखवार. ती होती एका पेन ड्राइव्हमध्ये. तो पेन ड्राइव्ह त्यानं रुद्राक्षाच्या माळेत ओवून गळ्यात घातला होता. आंघोळीपुरता काढून ठेवायचा, पण नजर त्याच्यावरच. दुसरी प्रत त्यानं मुद्दाम केली नव्हती. असले अनुभव वाटेल तिथं पडलेले बरे नव्हेत, असं त्याचं मत.

आल्या दिवशीच त्याचा पहिला खटका उडाला तो भागूबाईशी. भागूबाई मठाचा स्वयंपाक बघायची, आणि खरं सांगायचं तर सगळा मठच बघायची. रघुवीर पायरी चढतो न चढतो तोच तिनं त्याच्या काखेतली वळकटी ओढून घेतली आणि समोरच्या काळ्या खडकावर नेऊन उलगडून टाकली. एक अख्खा दिवस उन्हात, मग आत. चार वर्षांपूर्वी एका साधकानं अंथरुणातून ढेकूण आणले होते, ते निपटायला दोन उन्हाळे गेले, खाटा उकळत्या पाण्यानं धुवाव्या लागल्या. तेव्हापासून मठाचा नियम झाला होता. साधू असो नाहीतर साहेब, वळकटी आधी उन्हात.

रघुवीरनं सांगून पाहिलं की चादर लाँड्रीतून आलेली आहे. भागूबाई म्हणाली, सगळ्यांच्याच येतात.

त्यानं ते मनाला लावून घेतलं. रात्री उघड्या सतरंजीवर झोपला.

पण त्याआधी, त्याच दुपारी, त्यानं बाबांना गाठलं होतं. बाबा बाकावर बसून कॉम्प्युटरवर पत्ते लावत होते. कुणा भक्तानं मठाची कागदपत्रं ठेवायला दिलेलं ते यंत्र, आणि सत्तरी ओलांडलेला हा गोसावी दुपारी जेवण झालं की त्याच्यावर एकट्याचा डाव मांडून बसायचा. रघुवीरला बसला धक्का. तरी तो खाली चटईवर टेकला, कारण बाकावर बाबांच्या शेजारी कुणी बसत नसे. थोडा वेळ त्यानं कळ काढली. मग राहवेना म्हणून म्हणाला, “बाबा, ती बदामची सत्ती इस्पिकच्या अठ्ठीवर जाईल.”

“मी विचारलं का?” बाबा म्हणाले.

त्यांनी सत्ती तशीच राहू दिली आणि डाव हरले.

मग रघुवीरनं रोजनिशीचा विषय काढला. बाबा म्हणाले, वाच की. त्यानं गळ्यातली माळ पुढं ओढली, पेन ड्राइव्ह यंत्राला लावला, आणि खणखणीत आवाजात तीन पानं वाचली. चौथ्या पानाला वीज गेली. बाबांनी डोळे उघडले आणि चहा झाला का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बिघडलेलं. पडद्यावर आपोआप लॉटरीच्या जाहिराती उगवत होत्या. मठाच्या कागदांची नावं कुठल्या लिपीत गेली होती देव जाणे. आणि बाबांचे पत्ते उघडेनात. बाबा दुपारभर हात मांडीवर ठेवून बंद केलेल्या यंत्राच्या काळ्या पडद्याकडं बघत बसले. ते भागूबाईला बघवेना. ती रघुवीरला म्हणाली, एवढे शिकलेले आहात तर बघा की जरा.

रघुवीरनं दोन मिनिटांत निदान केलं. व्हायरस. आणि दोषीही ठरवून टाकला. गावातले गुरुजी महिन्यामागं यंत्रात भजनं घालून गेले होते म्हणे, त्यांचंच हे काम. सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल, त्याला मूळच्या सीड्या लागतील. त्या कुठायत?

भागूबाईनं दाराबाहेर बोट केलं.

मागच्या पेरूच्या झाडावर, दोऱ्यांना बांधलेल्या तीन सीड्या वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. उन्हात अशा चमकत होत्या की राघू जवळ फिरकत नव्हते. गेल्या हंगामात पेरू पहिल्यांदाच माणसांच्या तोंडाला लागले, असं भागूबाईनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. रघुवीरनं एक सीडी उतरवून पाहिली. पावसानं आणि पाखरांनी तिची पार चाळण केली होती.

तेव्हा कुठं बाबांनी विचारलं होतं, सगळं पुसल्यावर आत उरतं काय म्हणून.

पत्त्यांचं ऐकून रघुवीरनं राग गिळला. मनातल्या मनात तशी नोंदही केली. मग समजावून सांगितलं, की पत्ते पुन्हा येतात. सीड्या असत्या तर सोपं होतं, पण नसल्या तरी अडत नाही. कारखान्यातून निघतानाच यंत्राच्या पोटात एक कप्पा झाकून ठेवलेला असतो. सुरू होताना एक कळ दाबून धरायची, की यंत्र स्वतःला पुसतं आणि त्या कप्प्यातून स्वतःला पुन्हा भरतं. पहिल्या दिवशी होतं तसं होतं.

बाबा पुढं सरकले. “म्हणजे बाहेरून काहीच आणायचं नाही?”

“काहीच नाही.”

“सगळं त्याच्या पोटातच…”

“हो.”

“आणि तू पुण्याहून काय आणलंस?”

रघुवीर म्हणाला, रोजनिशी. बाबांनी मान हलवली आणि उठून पेरूच्या झाडाकडं गेले.

मठाचे कागद पत्र्याच्या पेटीत होतेच, यंत्रात होत्या त्या नुसत्या त्यांच्या नकला, त्यामुळं पुसायला कुणाची हरकत नव्हती. रघुवीरनं कळ दाबून धरली. दोन तास लागले. संध्याकाळी यंत्र लख्ख झालं. पत्ते उघडले. बाबांनी एक डाव लावला आणि पोरासारखे हसले. ते हसू बघून रघुवीरलाही बरं वाटलं, नाही असं नाही. पण लगेच त्यानं माळ पुढं ओढली, पेन ड्राइव्ह लावला, आणि आजची नोंद लिहून घेतली. ‘सेवा घडली. अहंकार जाणवला नाही.’

तिसऱ्या दिवशी सकाळी लॉटरीच्या जाहिराती पुन्हा हजर.

आता रघुवीर चिडला. गुरुजींना बोलावून घेतलं. ते बिचारे म्हणाले, अहो, मी महिनाभर इकडं फिरकलोच नाही. मग संशय भागूबाईवर गेला. ती म्हणाली, मी त्याच्यावरची धूळ फडक्यानं पुसते, त्यानं होतं का हो? शेवटी त्यानं बाबांच्या पत्त्यांवरच ठपका ठेवला. असल्या खेळांतूनच घाण शिरते, म्हणाला. बाबांनी कान पकडले.

पुन्हा कळ. पुन्हा दोन तास. पुन्हा लख्ख. बाबांना त्यानं त्या दिवशी पत्ते लावू दिले नाहीत. स्वतः मात्र पेन ड्राइव्ह लावला आणि लिहिलं, ‘आज धीराची परीक्षा. उत्तीर्ण.’

चौथ्या दिवशी सकाळी यंत्र सुरूच होईना.

रघुवीर कपाळाला हात लावून बसला. बारा वर्षं बँकेतली हजार यंत्रं सांभाळली, आणि या माळावरच्या एका खोक्यानं त्याची फजिती केली होती. बाबांना म्हणाला, आता मला काही सुचत नाही.

बाबा उठले. त्याच्या पुढ्यात येऊन उभे राहिले आणि हात पुढं केला.

आली वेळ, रघुवीरला वाटलं. त्यानं डोळे मिटले, मस्तक झुकवलं, दोन्ही हात जोडले.

बाबांनी त्याच्या गळ्यातली माळ अलगद वर काढली. पेन ड्राइव्हसकट. ती घेऊन ते पायऱ्या उतरले, अंगण ओलांडलं आणि काळ्या खडकापाशी थांबले. तिथं आज सकाळीच आलेल्या एका म्हाताऱ्या भक्ताची वाकळ पसरलेली होती. तिच्या शेजारी बाबांनी माळ ठेवली. ऊन नीट लागावं म्हणून पेन ड्राइव्ह सरळ केला. मग परत येऊन बसले.

…

रघुवीर जो धावत सुटला तो अनवाणीच. खडक तापला होता. पाय भाजले, पेन ड्राइव्ह उचलला तर बोटं भाजली. मागं वळून बाबांना काहीतरी लागट बोलणार, एवढ्यात त्याची नजर त्या वाकळेवर गेली.

तो तिथंच उभा राहिला. भाजत होतं तरी उभा राहिला.

त्याला एकेक आठवायला लागलं. गुरुजी आले नव्हते. भागूबाईनं फडकं मारलं होतं. बाबांनी तर काल पत्त्यांना हातही लावला नव्हता. तीनही दिवस त्या यंत्रात बाहेरून एकच वस्तू गेली होती. आणि ती वस्तू नागझिरीला यायच्या आधी एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत तासभर घातलेली होती, कारण बसला अवकाश होता आणि त्याला तातडीनं एक नोंद लिहायची होती. तिचं शीर्षकही त्याला आठवलं. ‘चित्तशुद्धी.’

खडकावर उभ्या उभ्या रघुवीरला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. म्हातारा भक्त घाबरून आपली वाकळ गोळा करायला लागला.

तो आत आला, माळ खुंटीला अडकवली, आणि कुणाकडं न बघता तिसऱ्यांदा कळ दाबून धरली. भागूबाईनं दोन तासांत तीनदा चहा आणून दिला आणि एकदाही काही विचारलं नाही. हे तिच्या बाबतीत फार झालं.

दुपारी यंत्र उभं राहिलं. लख्ख, पहिल्या दिवसासारखं.

बाबा बाकावर बसले, पाठ भिंतीला टेकवली आणि म्हणाले, “चल. लाव ती रोजनिशी. आज आठही वर्षं ऐकतो.”

…

रघुवीरचा हात खुंटीकडं गेला आणि मधेच थांबला. याच्यासाठीच तर तो आला होता. पुण्यात कुणी तज्ज्ञ तो किडा काढूनही देईल, पण त्यात अकराशे पानं वाचतील का जातील, कोण सांगणार? आणि बाबा ऐकतो म्हणाले होते ते आत्ता. पुन्हा म्हणतील याचा काय भरवसा. आठ वर्षं रोज पहाटे उठून लिहिलेलं होतं ते, खोटं नव्हतं काही. त्याला रडूच यायला लागलं.

“लावलं तर उद्या तुमचे पत्ते उघडायचे नाहीत, बाबा.”

“नाहीत.”

“मग?”

बाबांनी पाय वर घेऊन मांडी घातली.

रघुवीरनं माळ उचलली, बाहेर नेली, आणि स्वतःच्या हातानं खडकावर ठेवली. परत येताना त्यानं मागं वळून बघितलं, दोनदा बघितलं. मग चटईवर येऊन बसला. गळ्यात काही नव्हतं आणि सांगायलाही काही नव्हतं. अनुग्रहाचं विचारावं असं ओठांवर आलं, पण वाचून दाखवायला काहीच नसताना कुठल्या तोंडानं विचारायचं, ते त्याला कळेना. तसाच बसून राहिला.

बाबांनी पत्ते उघडले. डाव चांगला लागत होता. मग अडला. बदामची अठ्ठी वर आली आणि बाबा डोळे बारीक करून तिच्याकडं बघत राहिले. तिची जागा रघुवीरला चटईवरूनही दिसत होती, डावीकडून तिसरी, किलवरच्या नव्वीवर. त्यानं खाली मान घातली आणि जीभ दातांखाली धरली.

बाबांनी अठ्ठी दोन ठिकाणी नेऊन पाहिली, ती परत आली.

बाबा बाकावर थोडे सरकले. शेजारच्या मोकळ्या जागेवर त्यांनी हातानं थोपटलं.

“ये, वर बस. आता सांग, ही अठ्ठी कुठं ठेवू?”