नावाचा कातळ

नांदवेळच्या सड्यावर, या उघड्या खडकाळ माळावर, जिथे पायवाट संपते आणि खाली समुद्र दिसू लागतो, तिथे हा काळा कातळ आहे. फोटो काढून झाले असतील तर जरा टेका. याला शेंदूर नाही, याच्यात देवही नाही. तरी गावातल्या बायका यावर चपला काढून चढतात. का, ते ऐका.

असे सांगतात की, गावात आवडी नावाची एक खारवीण, दर्यावर्दी घरातली बाई, होती. लग्नाला वर्ष झालं नाही तोच तिचा नवरा गलबतावर गेला आणि गलबतासकट बेपत्ता झाला. लोकांनी वाट पाहिली, मग त्याचे दिवस घालायला निघाले. आवडीने कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही, कुंकूही पुसलं नाही. बायकोने नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य उणं होतं, अशी तेव्हा समजूत होती. लग्नात उखाण्यातून घेतलं तेवढंच; पुढे तिने ते ओठांवर येऊ दिलं नाही. त्याला जगवायला तिच्या हाती दुसरं होतं तरी काय?

वर्षं गेली. सासू-सासरे गेले, दीर मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. गावाला तो माणूस ‘आवडीचो घोव’ एवढाच आठवू लागला. खरं नाव एकट्या आवडीला माहीत, आणि ती घेईना. संध्याकाळी सड्यावर येऊन एकटीच बसे. गाव तिला वेडी म्हणे, आणि गाव एकदा म्हणायला लागलं की थांबत नाही.

मग म्हणे, शहरातून नलिनी देवस्थळी नावाच्या एक बाई दुर्बीण घेऊन आल्या. सड्यावर दिव्यांचा उजेड नसल्यामुळे आभाळ चांगलं दिसे. उतरल्या आवडीच्या घरी. मंगळ आणि गुरू यांच्या मधोमध लहान ग्रहांचा भलामोठा घोळका फिरत असतो. त्यातला कुणी न पाहिलेला एक ठिपका बाईंना सापडला. पण त्याची वाट नीट मांडून होण्याआधीच आभाळ भरून आलं, आणि ढग हटले तेव्हा ठिपका हरवला होता. बाई जेवायच्या थांबल्या. आवडीने ताट पुढे सरकवलं.

“हरावलो म्हणजे मेलो नाय गो बाय,” ती म्हणाली. “जेव.”

पुढे कितीतरी हिवाळे बाई येत राहिल्या, आणि एकदा सड्यावरून धावतच खाली आल्या. ठिपका सापडला होता. अशा ग्रहाला नाव लगेच मिळत नाही. तो पुन्हा पुन्हा दिसून त्याची वाट पक्की व्हावी लागते. ती झाली तेव्हा नाव सुचवायचा मान बाईंचा होता. तो त्यांनी आवडीला दिला.

आवडी तोवर म्हातारी झाली होती. तिने विचारलं, “दिसता?”

“नुसत्या डोळ्यांनी नाही, आजी.”

“पण खय आसा, ता कळता?”

“कळतं. आज कुठे आहे, उद्या कुठे असेल, सगळं.”

“आणि परत येता?”

“येतो. सूर्याला फेरा घालून पुन्हा तिथेच येतो.”

आवडीने नाव घ्यायचं म्हणजे इतकी वर्षं जपलेला नवरा आपल्याच तोंडाने मारायचा; न घ्यावं तर तिच्याबरोबर ते नावही सरणावर जाणार. तिला भीती वाटली, समुद्राची कधी वाटली नव्हती एवढी.

“मी गेलंय काय ह्यांचा नाव घेवक कोण उरतलो?” असं म्हणून तिन्हीसांजेला ती या कातळावर चढली. समुद्राकडे पाठ केली, आभाळाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाली, “गुणाजी.” उखाणा नाही, काही नाही. मग तिथेच बसून ती रडली. एवढ्या वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

ग्रहाला तेच नाव पडलं. आवडी गेली ती कपाळावरच्या कुंकवासकट. मागे कुणीच नव्हतं.

आजही नारळी पौर्णिमेला, दर्याला नारळ देऊन झाला की, ज्यांचे नवरे बोटीवर किंवा परमुलखात आहेत त्या बायका इथे येतात. आभाळ बहुतेक ढगांनी भरलेलं असतं. तरी वर बघून त्या नवऱ्याचं नाव मोठ्याने घेतात. आयुष्य उणं होतं असं आता कुणी म्हणत नाही. पण आपल्या माणसाला हाक मारण्याआधी प्रत्येक बाई एकदा “गुणाजी” म्हणते. त्याला हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नाही ना.