गाठीतली लाल माती

खूप मागची गोष्ट आहे. तेव्हा जनावरं बोलायची आणि माणसांना ते कळायचंही. कळून करायची मात्र आपलंच, आत्तासारखंच. लहानांनो, नीट ऐका. मोठ्यांनो, तुम्ही तर ऐकाच.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथल्या काही जणांना चित्रं काढायचा नाद होता. पोटासाठी नव्हे, नुसता नाद. तेली घाणा थांबवून रानात जायचा, सोनारीण भाकरी झाकून जायची. कोणी धबधबा बघून यायचं, कोणी मोर. मग कोळशानं, हळदीनं, चुन्यानं ते मांजरपाटाच्या फडक्यावर उतरवायचं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळे देवळाच्या ओट्यावर जमायचे, फडकी अंथरायचे आणि बोलायचे. मोराची मान आखूड झाली. डोंगराची सावली उलटी पडली. भांडायचेसुद्धा. चांगलं असायचं ते.

त्यांची एक रीत होती. जिथं बघितलं तिथली चिमूटभर माती फडक्याच्या कोपऱ्यात गाठ मारून आणायची. गाठ नसेल तर चित्र खोटं, घरबसल्या काढलेलं. म्हातारा तेली ती गाठ सोडायचा, माती तळहातावर चोळायचा आणि सगळ्यांदेखत जागा ओळखायचा. "ही ओढ्याच्या वळणावरची." सगळे माना डोलवायचे. त्यात वावगं काय आहे, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

परगावचा एक पाहुणा अधूनमधून येऊन बसायचा. स्वतः रेघ ओढायचा नाही, पण कौतुक तोंडभर करायचा. तो येऊन गेला की काहीतरी कमी व्हायचं. डोहातली पाणमांजरं चित्रात आली आणि डोहातून गेली. मोरांची टेकडी मुकी झाली. "ऋतू फिरला," लोक म्हणाले. ऋतू उलटून बोलत नाही ना, म्हणून त्याच्यावर ढकलायचं.

त्याच गावात एक कुंभारीण होती. ती बिचारी काढायची कावळे आणि मडकी. तिच्या फडक्यापाशी कोणी थांबायचं नाही. सोनारीण म्हणायची, "कावळा बरा जमलाय गं. पुढच्या वेळी पंख दे त्याला." सगळे हसायचे. कुंभारीणही हसायची आणि घरी जाऊन आतल्या आत जळायची.

एकदा ती मडक्यांना लावायची लाल माती, म्हणजे काव, खणायला डोंगरामागच्या घळीत गेली. खणता खणता मान वर केली तर समोरच्या कपारीत वाघीण. पोटाशी दोन बछडे. कुंभारणीच्या हातातलं खुरपं गळालं. पण पळायचं सोडून ती बछड्यांकडं बघून हसली.

वाघीण म्हणाली, "बघितलंस. डोळे आहेत, बघणारच तू. पोरं बघून तुझ्या तोंडावर हसू आलं, म्हणून तुला सोडते. पण वाट तुझ्यापाशीच ठेव."

"आईची शपथ," कुंभारीण म्हणाली. तिच्याही घरी झोळीत लेक होती.

घरी येऊन तिनं चित्र काढलं. वाघीण अशी उतरली की सासूनं बघून पदर तोंडाला लावला. कोपऱ्यात गाठ काही मारली नाही. शपथ होती ना.

बैठकीत पहिल्यांदाच सगळे तिच्या फडक्याभोवती गोळा झाले. पाहुणाही उठून आला. मग सोनारणीनं कोपरा उचलून बघितला.

"गाठ कुठाय गं? का चुलीपुढची मांजर मोठी करून काढलीस?"

"खरी बघितलीय मी."

"आम्ही कुठं नाही म्हणतो?" तेली म्हणाला. "पण रीत ती रीत, पोरी. गाठ नाही तर चित्र बाजूला."

पाहुणा हळूच म्हणाला, "असू द्या हो. बाईमाणूस, एवढ्या रानात कुठं जाणार?"

ते मात्र तिला झोंबलं. कमरेच्या पिशवीत घळीतली काव तशीच होती. तिनं चिमूट काढली, कोपऱ्यात घातली आणि गाठ आवळली. तोंडानं एक शब्द बोलली नाही. आपण शपथ पाळली, असंच तिला वाटलं.

तेल्यानं गाठ सोडली, माती चोळली. "लाल, वर पिवळी कणी. ही तर डोंगरामागच्या घळीतली. दुसरीकडं कुठं मिळायची नाही." लोक वाहवा म्हणाले. त्या वाहवेत कुंभारीण न्हाऊन निघाली. पाहुणा कधी उठून गेला ते तिला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी माती मळताना पाहुणा मधेच उठून गेल्याचं तिच्या ध्यानात आलं. पाहुण्याच्या पायातले मऊ, चकचकीत जोडे आठवले. पाणमांजराच्या कातड्यासारखे. मळलेली ओली माती अंगणात तशीच टाकून, लेकीला सासूच्या हवाली करून ती घळीकडं पळत सुटली.

घळीत दोरखंड पडला होता. गवत चुरगळलेलं, कातळावर ओरखडे. कपार रिकामी. ती मागं वळली तर वाघीण वरच्या दरडीवर बसलेली, तोंडात एकच बछडा. तिनं तो खाली ठेवला.

"वाट सांगितलीस."

"नाही गं बाई. मी बोललेच नाही. नुसती गाठ मारली."

"एकाला नेलं. हा मागं दडला म्हणून राहिला." वाघिणीच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच भीती वाटत होती. "माझ्या पोराची जागा तू चारचौघांत मांडलीस. तुझ्या पोरीची जागा मला ठाऊक नाही असं समजतेस?"

कुंभारीण डोंगर कशी उतरली ते तिलाच माहीत. काट्यांनी लुगडं फाटलं, गुडघे फुटले.

अंगणात उन्हं होती. सासू दारात डाळ निवडत बसली होती. "काय झालं गं?" ती म्हणाली. "इथं तर कुत्रंसुद्धा फिरकलं नाही."

ओल्या मातीत ठसे होते. हाताच्या पंजापेक्षा मोठे. कुंपणापासून निंबाला टांगलेल्या झोळीपर्यंत गेलेले आणि तसेच परत आलेले. त्यांच्या कडा वाळायलाही लागल्या होत्या. म्हणजे कुंभारीण घर सोडून निघाली, तेव्हाच वाघीण येऊन गेली होती.

तिनं झोळी उघडली. लेक शांत झोपली होती. छातीवर चिमूटभर लाल माती, वर पिवळी कणी.

पुढच्या बैठकीला कुंभारीण लेकीला कडेवर घेऊन गेली आणि सगळं सांगितलं. तेल्यानं सगळ्या फडक्यांच्या गाठी सोडून माती ओढ्यात टाकली.

सोनारीण पुटपुटली, "मग आता खरं कसं मानायचं?"

"नको मानूस," कुंभारीण म्हणाली. "तू मानलं नसतंस तर माझं काय गेलं असतं? तू मानावंस म्हणून मी तिचं पोर घालवलं."

गाठी सुटल्या, पण फार उशिरा. वाघीण उरलेला बछडा घेऊन गेली ती गेलीच, आणि तिच्यामागं बाकीचं रानही उठून गेलं. त्या गावची माणसं पुढं दगडांचीच चित्रं काढत बसली. आणि कुंभारीण जन्मभर पाणी भरून आली की आधी अंगणातली ओली माती बघायची, मग झोळी.

एवढी खूणगाठ मारून ठेवा: पाहिलेलं खुशाल दाखवा, पण ज्याला पाहिलं त्याच्या घराची वाट कोणाला दाखवू नका.