ओवी झेलणारा

"आबा, आवडलं नाही का?"

रेवणनं हे तिसऱ्यांदा विचारलं. सिदूआबा मोबाइलकडेच बघत होते.

रेवणच्या धनगरी ओव्यांचा हा पहिला अल्बम. आठ ओव्या. गुरूनं बरं म्हटल्याशिवाय अल्बम बाहेर काढणार नाही, असं त्यानं कोल्हापूरच्या स्टुडिओत ऐटीत सांगून ठेवलं होतं. आबा हो म्हणणारच, याची पठ्ठ्याला खात्री होती. आता बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर बसून त्याला घाम फुटला होता.

गडी गुणी, यात वाद नाही. सोळा वर्षं आबांसमोर बसून शिकला. पण कौतुक हवं ते लगेच हवं, ही खोड काही गेली नाही.

आता ओवी ही काही एकट्यानं गायची गोष्ट नव्हे. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं ती झेलून पुढं न्यायची, तेवढ्यात पहिल्यानं दम घ्यायचा. रेवण ओळ टाकायचा आणि आबा झेलायचे. गुरूनं चेल्याच्या मागं गायचं म्हणजे उलटीच तऱ्हा. पण आवाज बसल्यापासून आबांनी आपणहून मागची जागा घेतली होती.

"पुन्हा लाव," आबा म्हणाले.

ढोल वाजला. रेवणचा आवाज चढला, ओळ संपत आली. आबांनी सवयीनं तोंड उघडलं...

ओळ झेलली ती मोबाइलमधल्या रेवणनंच.

आबांनी तोंड मिटलं. पुढच्या ओळीला पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिसऱ्या ओळीला रेवणच्या ते ध्यानात आलं. त्यानं गाणं बंद केलं.

मग कुणी न विचारताच तो सांगत सुटला. स्टुडिओवाले म्हणाले, दोन्ही आवाज तूच गा, मशीन जोडून देतं. शिवाय आबांचा खोकला, एसटीचा तीन तासांचा प्रवास, म्हाताऱ्या माणसाला उगाच दगदग. सगळं खरंच होतं. तरी सांगता सांगता त्याची मान खाली गेली.

"मला वाटलं, आबा... एकदा तरी सगळं माझं एकट्याचंच असावं."

आबा रागावतील, निदान उठून जातील, असं त्याला वाटलं. आबांनी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला.

"असावं की. त्यात काय वाईट?"

मग आबांनी बंद पडलेला मोबाइल आपल्या हातात घेतला.

"दम कुठं घेतलास रं?"

"घ्यावाच लागला नाही, आबा."

"हं..."

रेवणचे डोळे भरून आले. उद्याच तुम्हाला गाडी करून कोल्हापूरला नेतो, सगळं पुन्हा गाऊ, असं तो म्हणू लागला. आबांनी मान हलवली. त्यांचा गळा आता दोन ओळींच्या वर चालत नव्हता, आणि ते त्यांना रेवणपेक्षा चांगलं ठाऊक होतं. जे गायलास ते छान गायलास, असं त्यांनी त्याला आता कुठं सांगितलं. ज्या शब्दांसाठी तो सकाळपासून ताटकळला होता ते हेच, पण त्याला त्यांची गोडी लागेना.

"मग काय करू? तुम्ही सांगाल तसं करतो."

"तू जिथं झेललंस, तेवढं काढून टाक."

"आणि तिथं काय घालू?"

"काही नको."

"गाण्यात खड्डा पडंल, आबा. तिथं ओवी झेलायची कुणी?"

आबांनी मोबाइल त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं हळूच मिटवली.

"ऐकताना ज्याला तुझी आठवण यील, त्यानं."