सात गाठींचा दोरा

सत्काराला निघालेल्या सभापती बाजीराव खराट्यांची जुनी एसयूव्ही दारातून हलेना. हँडब्रेक काही केल्या सुटत नव्हता. जमलेल्या गर्दीसमोर सभापतींनी गॅरेजवाल्या द्वारकाबाईंना धारेवर धरलं, "परवा तुम्ही दुरुस्ती केलीत, तुमचीच दृष्ट लागली गाडीला! गॅरेजच बंद करतो तुमचं!"

द्वारकाबाईंनी आत डोकावून विचारलं, "ब्रेकच्या दांड्याला काळा दोरा कुणी बांधला?"

"मी स्वतः, आज सकाळी! दृष्टीवर उपाय. सात गाठी मारल्यात, करकचून!"

बाईंनी दोरा कापला. त्यात आवळलेलं बटण मोकळं झालं. ते दाबताच हँडब्रेक अलगद खाली आला.

"दोरा मात्र गुणाचा हं, साहेब," बाई म्हणाल्या. "माझी दृष्टच काय, तुमची गाडीसुद्धा अडवली त्यानं!"