तांबटांच्या गल्लीतली शांतता

फार जुन्या काळी एक नामांकित गवई समुद्र ओलांडून परक्या देशात गेला. तिथल्या राजानं त्याला गायला बोलावलं होतं. मायदेशी तो गायला बसला की भालदार दरबाराला दरडावून गप्प करत. त्याला त्याची सवयच झाली होती.

दुपारी राजाची पालखी न्यायला येणार होती. तोवर शहर पाहावं म्हणून तो एकटाच निघाला आणि वाट चुकून एका जुन्या वस्तीत शिरला. भिंतींचे पोपडे सुटलेले, छपरांवर फाटकी गोणपाटं, आणि दारोदारी तांबट भांडी ठोकत बसलेले. गवयानं कानांवर हात ठेवले. "काय ही माणसं! शांतता कशाशी खातात हेही यांना ठाऊक नाही."

तेवढ्यात एका बाईनं खिडकीबाहेर पिवळं फडकं सोडलं. समोरच्या तांबटानं ते पाहिलं आणि हातोडा खाली ठेवला. मग त्याच्या शेजाऱ्यानं. मग पलीकडच्यानं. बघता बघता अख्खी गल्ली गप्प झाली. वाटेनं चाललेल्या एका म्हातारीनं बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत वर सारल्या.

गवई थक्क झाला. अशी शांतता त्यानं कुठल्याच दरबारात अनुभवली नव्हती.

"हा कुणाचा हुकूम?" त्यानं म्हातारीला विचारलं.

"हळू बोला, पाहुणे. हुकूम कसला? फडकं सोडलं त्या शिंपिणीची लेक तीन दिवस तापानं तळमळतेय. आत्ता कुठं डोळा लागलाय. वैद्य म्हणालेत, आज झोपली तर जगेल."

"पण तुमचं काम?"

"आजचं बुडालं. चूल उद्या पेटवू."

इतक्यात नगारा ऐकू आला. राजाची माणसं गवयाला शोधत इकडेच येत होती. त्यानं नाल ठोकलेले जोडे हातात घेतले आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी धावत सुटला. गल्लीच्या तोंडाशी तो आडवा उभा राहिला.

"नगारा थांबवा! मी चालत येतो."

"भलतंच काय, गवईबुवा!" सरदार म्हणाला. "वाजतगाजत येईल तोच आमच्या दरबारात गातो. चालत आलात तर दाराशी बसावं लागेल."

या एका गाण्यासाठी गवयानं दोन महिने समुद्रात काढले होते. त्यानं मागे वळून त्या खिडकीकडे पाहिलं.

"बसेन," तो म्हणाला.

आणि तो खरंच दाराशी बसला, दुसऱ्यांचं गाणं ऐकून उठला. पायांना फोड आले होते, तरी बंदराकडे जाताना तो त्या वस्तीकडे वळला. शिंपिणीची लेक उठून बसली होती, आईच्या हातून पेज पीत होती. आपण कोण हे त्यानं सांगितलं नाही. गल्लीत उभं राहून त्यानं सगळ्या घरांना हात जोडले, आणि तो निघाला.

तात्पर्य काय, तर मान कुणाला द्यायचा हे घरं बघून ठरवू नये. दुसऱ्याच्या दुखण्यात माणसं आपलं काय सोडून देतात, ते बघावं.