टिटवीचा मोडका पंख

धरणाच्या काठाने सायकलींची वाट झाली, त्या काळची ही गोष्ट. काठावरच्या खड्यांत एका टिटवीने चार अंडी घातली होती. कुणी जवळ आलं की ती मोडल्यासारखा पंख ओढत लंगडायची आणि त्याला अंड्यांपासून लांब न्यायची. तिची आईही हेच करायची.

एका रविवारी गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी सायकलींवरून उतरली. "बघा तरी, काय सुंदर लंगडतेय," टोपीवाल्या बाई म्हणाल्या, आणि दहा कॅमेरे वळले. टिटवी सुखावली. मग माणसं दिसताच ती स्वतःहून लंगडत समोर जाऊ लागली. पलीकडे फोटोंसाठी ऊन चांगलं पडतं म्हणून एकदा तिने खेळ तिकडे नेला.

"अगं, मुंगूस आलंय," टिटवा अंड्यांपाशी घिरट्या घालत ओरडला. "मी एकटा किती पुरणार?"

"आलेच. इतक्या लांबून आलेल्या माणसांना अर्ध्यावर कसं सोडू?"

ती परतली तेव्हा खड्यांत नुसती टरफलं होती.

पुढच्या रविवारी ती टरफलांपाशी पंख टाकून पडली होती. मंडळींनी पाच मिनिटं वाट पाहिली.

"आज काही जमत नाहीये तिला," सायकल वळवत बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी किती खरं वाटत होतं."