देशाचं लेकरू

हे सगळं सुरू झालं सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. दोन राज्यांच्या सीमेलगतच्या तळीवाडीत निंगाप्पा नावाचा एक भोळा बाप होता. बायको कस्तुरी पाय मुरगळून बसलेली, आणि दहा महिन्यांच्या बाळूची लस नेमकी आजच.

कस्तुरी म्हणाली, "अहो, बाळूला टोचून आणा. टोचल्यावर अंग तापतं त्याचं. दिवस मावळायच्या आत तो माझ्या कुशीत पाहिजे. आणि कुणी काही विचारलं तर बावरू नका. आपली वरची आळी म्हणून सांगा."

"सांगतो की!"

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचंय?"

"वरची आळी."

गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "अहो दादा, गावाबाहेर पडल्यावर गावाचं नाव सांगावं माणसानं."

निंगाप्पाला पटलं.

बाजाराच्या गावी उतरून तो चहाच्या टपरीवर गेला. चहावाला म्हणाला, "साखर किती टाकू?"

"तळीवाडी."

बाकड्यावर एक तरुण पुढारी मिशीला पीळ देत बसला होता. तो कडाडला, "गाव गाव काय लावलंय पावनं? छाती काढून सांगा, महाराष्ट्र!"

निंगाप्पाला हेही पटलं.

दवाखान्यात सिस्टर म्हणाली, "कुठं टोचू? डाव्या मांडीत की उजव्या?"

निंगाप्पानं छाती काढली. "महाराष्ट्रात!"

सिस्टर सुईसकट दोन पावलं मागं सरकली. मग तिनं आपल्या मनानंच डावी मांडी धरली. बाळूनं भोकाड पसरलं.

रडतं पोर घेऊन निंगाप्पा बाहेर आला, तर समोर मंडप. देशाच्या एकतेची सभा चालली होती. पांढऱ्याशुभ्र कपड्यातल्या साहेबांना फोटोसाठी एक गुटगुटीत मूल हवंच होतं. त्यांनी बाळूला उचललं आणि हसून विचारलं, "कुठले तुम्ही?"

"महाराष्ट्र!"

बिचाऱ्यानं सकाळपासून पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं होतं. पण साहेबांचं तोंड कडू झालं. "छे, छे! असल्या बोलण्यानं देश तुटतो. इकडचं-तिकडचं, माझं-तुझं सोडा. जे आहे ते देशाचं म्हणा!"

निंगाप्पाला हे तर फारच पटलं.

फोटो निघाला आणि तेवढ्यात बाळूनं साहेबांचा कुडता भिजवला. साहेबांनी पोर हातभर लांब धरलं आणि माईकवरच ओरडले, "अहो, कुणाचं आहे हे?"

निंगाप्पा उभा राहिला. "देशाचं!"

काय टाळ्या पडल्या! निंगाप्पानंही वाजवल्या. मोकळ्या हातांनी छान वाजल्या. तसाच तो एसटीत बसला आणि दिवस मावळायच्या आत, अगदी वेळेवर, घरी पोचला.

"बाळू कुठाय?" कस्तुरीनं विचारलं.

"आपला कुठला? तो देशाचा."

इकडं साहेबांनी पोर कार्यकर्त्याकडं दिलं आणि कार्यकर्त्यानं ते चौकीत नेऊन बसवलं. हवालदार म्हणाला, "देशाचं आहे? मग इथं कसं ठेवणार? हे काम केंद्राचं." गलका ऐकून मिशीवाला पुढारी आला. म्हणाला, "ते राहू द्या. आधी सांगा, रडतंय कुठल्या भाषेत?" येणारेजाणारे देशाचं लेकरू म्हणून कौतुकानं सलाम ठोकत होते. कडेवर मात्र कुणी घेईना.

कस्तुरी लंगडत फाट्यावर आली, तर शेवटची एसटी गेलेली. आता ती तिथंच उभी राहून दिसेल त्याला हात करते आहे.

तुम्ही बाजाराकडं निघाला असाल तर चौकीत तेवढा निरोप द्या, आणि वाटेत भेटेल त्यालाही पुढं सांगायला सांगा: पोराचं अंग तापलंय. आधी त्याला आईकडं आणून द्या. कुणाचं ते मग निवांत ठरवा.